शेवटची सही तुझी नव्हती, मामा

मामा, काल तलाठ्याचा फोन आला. फेरफार मंजूर झाला. मिलची जागा माझ्या नावावर चढली. मी फोन ठेवला, मुकादमाला सांगितलं की आता मला कोणी हाक मारायची नाही, आणि ऑफिसातल्या बाकड्यावर भर दुपारी आडवी झाले. मशीन चालू होती, पट्टे खडखडत होते, कोंडा उडत होता, आणि मला गाढ झोप लागली. तू गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून नव्हती.

उठले आणि वाटलं, आता लिहावं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. लिहीन. पण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि तू मधूनच उठून गेलास. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. भांडताना मी नेहमी पहिल्यापासूनच सुरू करते, आणि तू "झालं हिचं चालू" म्हणून टोपी डोळ्यांवर ओढायचास. आता टोपीही नाही, ओढणाराही नाही. ऐकून घे.

तुमसरबाहेर रस्त्याला लागून ती जागा तू घेतलीस, धानाच्या दलालीच्या कमाईतून. वडिलोपार्जित नाही, कोणाच्या वाट्याची नाही, तुझी एकट्याची. तिथे तेव्हा बाभळी होत्या आणि लोक कचरा टाकत. मी तुझ्याकडे राहायला आले तेव्हा तू म्हणालास, "जागा खाली पडून आहे वो, पाह्य काय करतं तं." मी आधी शेड टाकली. मग एक जुनी मशीन आणली, जी विकणाऱ्याने शेवटी हात जोडून दिली, कारण मी त्याच्या ओट्यावरून उठतच नव्हते. मग धान भरडायची मिल झाली. बाई माणूस धान घेते म्हणून हसणारे व्यापारी नंतर माझ्याशी भाव करायला घरची माणसं पाठवू लागले, स्वतः येईनात.

पण कागदावर जागा तुझी. कर्ज काढायला गेले की साहेब विचारायचा, जागा कोणाची. मामाची म्हटलं की फाईल बंद. तुला किती वेळा म्हटलं, बक्षीसपत्र करून दे. तू हसायचास. "जिवंतपणी देऊन टाकलं तं मले कोन विचारन?" हे तू मस्करीत म्हणायचास की मनापासून, ते तू मला कधी कळू दिलं नाहीस. ज्या माणसाला मी रोज सकाळी चहा दिला, संध्याकाळी भात वाढला, त्याने असं म्हणावं? हा माझा तुझ्यावरचा राग. तो अजून आहे.

तू लग्न केलं नाहीस. आजा-आजी गेले, माझी आई गेली. उरले एकोडीचे मोठे मामा, तुझे थोरले भाऊ. तू कागद न करता गेला असतास तर कायद्याने सगळं त्यांचं झालं असतं. भावाच्या पुढे भाचीचा नंबरच लागत नाही. मिल मी उभी केलेली आणि पायाखालची जमीन त्यांची. मग मला त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं.

त्या दारात मी एकदा उभी राहिले होते, हे तुला माहीत आहे. नवरा वारला, सासरच्यांनी बॅग बाहेर ठेवली, तेव्हा मी आधी एकोडीला गेले. मोठं घर, मोठी शेती, मोठे मामा. त्यांनी आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो तसा. मग उभे राहिले आणि म्हणाले, "भाच्या पाहुण्या येतात शोभाबाई. राह्यले नाही येत." पाया पडून हाकलून देणं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी शिकले. पाणीसुद्धा न पिता परतले आणि तुझ्याकडे आले. तू काहीच विचारलं नाहीस. खाट अंगणातून माझ्यासाठी आत घेतलीस. मामा, तुझ्यावर कितीही चिडले तरी ती खाट मला दिसते.

मग तुला धाप लागायला लागली. जिना चढवेना, बाजारात जाणं सुटलं. तेव्हा तू स्वतःच्या मनाने मृत्युपत्र केलंस आणि संध्याकाळी मला बोलावून मोठ्या दिमाखात हातात दिलंस. "घे. आता बँकवाल्याले सांग." मी वाचलं. जागा माझ्या नावे. खाली शेजारच्या गुरुजींची सही, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची सही, आणि सर्वांत खाली तुझी, मोडीसारखी वळणं घेणारी. मी खूश झाले. पण हातात आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही ही सवय तूच लावलीस. दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंनी कागद वाचला. म्हणाल्या, साध्या कागदावर आहे, चालतं, मुद्रांक लागत नाही. नोंदणी केलेली बरी, पण सक्ती नाही. मामांची स्वतःची मिळकत आहे, त्यामुळे त्यांना हवी त्याला देता येते. डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, माझं त्याच्यापुढे चालत नाही एवढं ठिकाणावर आहे. त्या हसल्या आणि मग विचारलं, "सह्या झाल्या तेव्हा तिथे कोण कोण होतं?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन तुला विचारलं, आणि तू किती अभिमानाने सांगितलंस!

"गुरुजीले आन् चायवाल्याले सकाळी बलावलं. दोघाइनं सही केली. चाय पेले, गेले. मंग मी आंघोळ केली, दिवा लावला, आन् दुपारी निवांत माही सही केली."

"ते गेल्यावर?"

"मंग? माही सही शेवटचीच असते. जिंदगीभर तशीच केली."

मला तेव्हाच कळलं काय झालं ते. बाजारात तुझी रीतच होती. सौदा ठरला की चिठ्ठीवर आधी शेतकऱ्याची सही, मग व्यापाऱ्याची. दोघं गेले की तू पान लावून, सावकाश, सगळ्यात शेवटी सही करायचास. दलालाची सही पडली की सौदा पक्का, त्यानंतर कोणी चकार शब्द काढायचा नाही. त्या रिवाजावर तू नाव कमावलंस, आणि त्याच रिवाजाने मृत्युपत्र केलंस. वकीलबाईंना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या, इथे उलटं आहे. आधी मालकाने सही करायची, किमान दोघांनी ती पाहायची, किंवा निदान त्याने त्यांना सांगायचं की ही सही माझी. त्यानंतर त्यांनी त्याच्यासमोर सही करायची. दोघं एकाच वेळी हजर नसले तरी चालतं, पण जी सही अजून झालीच नाही तिचा साक्षीदार कसा होणार? हा कागद कोर्टात उभा राहणार नाही.

मी तुला हे सांगितलं. तू इतका दुखावलास की मला वाटलं, मी तुला मारलंच.

"तुले माह्या सहीवर भरोसा नाही?"

"मले आहे मामा. कोर्टाले नाही."

"कोर्ट कायले आलं मधात? आपल्या घरचा मामला आहे."

"एकोडीवाले कोर्टात जातीन तं येईनच ना मधात!"

"मोठा भाऊ जाणार नाही."

"माह्या पाया पडून जाईन थो!"

तू उठलास आणि वाकून माझ्या पायांना हात लावलास. आपली सगळी भांडणं तू अशीच संपवायचास, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप यायचा. वयाने मोठा माणूस पाया पडला की भाचीने पुढे काय बोलायचं? हा भाव पाडण्याचा कुठला धंदा झाला?

त्या हिवाळ्यात आपण किती भांडलो! कापणी झाली, धान येत होतं, मिल रात्रंदिवस चालत होती, आणि मी येता-जाता तुला टोचत होते. सही नव्याने कर. तू म्हणायचास, झालेला सौदा मी मोडत नसतो. मी जेवणाचं ताट आदळलं, तू ते सरळ केलंस. मी बोलायचं बंद केलं, तू मुकादमाशी बोलायला लागलास, तेही माझ्याबद्दल, माझ्यासमोर. "हिले सांग, चटणीत मीठ कमी आहे."

मग एक दिवस तूच म्हणालास, "करतो नव्यानं. पन एक साक्षीदार मोठा भाऊ पायजे."

मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. कोर्टात कागद टिकला नाही तर ज्याला सगळं मिळणार, त्यालाच साक्षीला?

"त्याच्यासाठीच तं," तू म्हणालास. "आन् त्याले आनायले तू जायचं. डायवर नाही, फोन नाही. तू."

"मी नाही जाणार."

"मंग मीही नाही करत."

मामा, मी आयुष्यात पुष्कळ भाव केले, पण तसा नाही केला. मी म्हटलं, जाईन, पण गाडीतून उतरणार नाही. तू म्हणालास, उतराव लागन. बरं, उतरेन, पण ओसरीवर चढणार नाही. चढाव लागन. चढेन, पण पाणी पिणार नाही. तू धाप लागलेल्या छातीवर हात ठेवून म्हणालास, पानी प्याव लागन. मी म्हटलं, ठीक, पण जेवणार नाही, जीव गेला तरी नाही. तू म्हणालास, "बरं. जेवन सोडलं." एवढं एकच मी जिंकले.

आणि वर तुझी आणखी एक अट. कागद मोठ्या मामांनी आधी मोठ्याने वाचायचा. मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, साक्षीदाराला आत काय लिहिलंय हे कळायची गरज नसते, त्याने फक्त सही पाहायची. मी धावत येऊन तुला सांगितलं. तू म्हणालास, "थो तिचा कायदा झाला. माह्या कायद्यात वाचाव लागते."

एकोडीला गेले. ओसरीवर चढले. मामी पाणी घेऊन आली, मी प्याले, मामीने डोळे पुसले, मला ते बघवेना. मोठे मामा थकले होते. त्यांनी वाकायला सुरुवात केली, मी पाय मागे घेतले. म्हटलं, "त्याची गरज नाही. सहीसाठी आली आहे." ते म्हणाले, "कशाची?" मी सांगितलं. सगळं. तुम्हाला काही मिळणार नाही हेही. ते आत गेले, बंडी बदलून, चष्मा घेऊन आले आणि गाडीत बसले. साकोलीच्या पुढे फक्त म्हणाले, "गाडी तू चालवतं?" मी म्हटलं, "मंग कोन चालवन?"

त्या दिवशी तुझ्या खोलीत आपण चौघं होतो. तू खाटेवर, मोठे मामा, तुला तपासायला येणारे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, आणि दाराशी मी. वकीलबाईंनी मला आत बसू नका म्हटलं होतं. ज्याला मिळायचं त्याने सहीच्या वेळी पुढे पुढे केलं की संशय येतो. म्हणून मी उंबऱ्याबाहेर राहिले. मोठ्या मामांनी वाचायला सुरुवात केली. जागा भाचीला, हे वाचलं. मग पुढचं वाक्य आलं: माझ्या मोठ्या भावाला मी यातलं काही देत नाही, कारण त्याला कमी नाही. ते थांबले. चष्मा काढून पुसला. तू छताकडे पाहत होतास. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या एवढ्या मोठ्याने. आणि म्हणाले, "पेन दे त्याले."

तू पेन हातात घेतलंस आणि तुझा हात थांबला. मी बाहेरून पाहत होते. जन्मभर शेवटी सही केलेला माणूस पहिल्यांदा आधी करत होता. तू मोठ्या मामांकडे पाहिलंस. ते म्हणाले, "कर ना बे. मी कुठी पळून चाललो?" तू सही केलीस. मग त्यांनी केली, मग डॉक्टरांनी. तू दमून डोळे मिटलेस आणि म्हणालास, "झालं वो तुह्या कोर्टाचं?" मी हो म्हटलं. एवढंच. त्याहून जास्त बोलायला पाहिजे होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण आपल्या घरात तसं बोलायची पद्धत नाही, आणि मला वाटलं, अजून वेळ आहे.

वेळ फार नव्हता. तू गेलास तेव्हा पावसाच्या तोंडाशी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे दिवस होते.

तेरवीच्या पंगतीतच मोठ्या मामांचा मुलगा प्रकाश कोणाला तरी म्हणाला, मरणाऱ्या माणसाकडून काय वाट्टेल ते लिहून घेता येतं. मी ऐकलं. पंगतीत बसले होते म्हणून गप्प बसले. फेरफाराची नोटीस लागली आणि त्याने हरकत घेतली. काका शुद्धीत नव्हते, सही त्यांची नाही, असं लिहून दिलं. डॉक्टर बदली होऊन राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेले. येतो म्हणाले, पण त्या तारखेला जमलं नाही. म्हणजे साक्षीला राहिले एकच, मोठे मामा. त्यांच्याच मुलाची हरकत, त्यांचाच फायदा, आणि साक्ष त्यांची. त्या दिवसांत मी तुला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहीत नाही. साधे गुरुजी आणि चहावालाच पुन्हा बोलावले असते तर काय बिघडलं असतं? असा सौदा करतात का, की गळा ज्याच्या हातात द्यायचा नाही त्याच्याच हातात दिला?

सुनावणीला मोठे मामा मुलाच्याच मोटारसायकलवर मागे बसून आले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, संपलं.

मंडळ अधिकाऱ्यांनी त्यांना कागद दाखवला. "ही तुमची सही?"

"माहीच."

"भावाने तुमच्यासमोर सही केली का?"

"त्यानं आधी केली. मी पाहून राहिलो होतो. मंग मी केली, त्याच्या डोळ्यासमोर. मंग डाक्टरनं."

प्रकाश मधेच म्हणाला, "बाबा, काका तेव्हा भानावर होते का, ते सांगा."

मोठे मामा त्याच्याकडे वळले. "थो? मले एक काडी देत नाही, हे त्यानं मलेच मोठ्यानं वाचायले लावलं. भानावर नसलेल्या मानसाले असं सुचते का रे? तुले तं भानावर असून सुचत नाही."

कारकून हसला. अधिकाऱ्यांनी खाली मान घातली. तू ती अट का घातलीस, ते मला तिथे कळलं. तू मला कधी सांगितलं नाहीस. विचारलं असतं तरी सांगितलं नसतंस, टोपी ओढली असतीस.

प्रकाशने पुढे काही केलं नाही. वकीलबाई बजावतात की फेरफार म्हणजे मालकी नव्हे, दिवाणी दावा कोणी कधीही करू शकतो. पण बापाच्या अशा साक्षीवर कोण दावा करणार? त्यांनी मला निश्चिंत व्हायला सांगितलं. मी निश्चिंत आहे, मामा. तुला हे कळवायचं होतं. दुःख आहे, तुझ्या खाटेकडे अजून बघवत नाही. पण छातीवरचं ओझं उतरलं आहे, आणि ते उतरल्यावर दुःखालासुद्धा बसायला नीट जागा मिळाली आहे.

माझा राग मात्र मी सोडलेला नाही. जिवंतपणी दिलं असतंस तर एवढं सगळं झालंच नसतं. तू म्हणशील, झालं नसतं तर तू एकोडीला गेली नसतीस. ते खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

सुनावणीहून परत जाताना प्रकाश बापाला न घेताच निघून गेला. मोठे मामा आवारात काठी टेकून उभे होते. मी गाडी पुढे आणली. "बसा," म्हटलं. ते बसले आणि म्हणाले, "मिल दाखव. नाव ऐकून आहो निस्तं." मी त्यांना मिलवर आणलं. ते आत फिरले, मशीनखाली हात घालून मूठभर तांदूळ काढला, बाहेर उजेडात आले, तळहातावर पसरला आणि तुटके दाणे बोटाने बाजूला केले.

"कनी लय पडून राहिली वो. रोलरचे रबर घासले तुहे."

"मागच्याच हंगामात बदलले."

"मंग हलका माल घेतला. कोन दिला?"

"मोठे मामा, तुम्ही धान पिकवता, मी भरडते. मले नका शिकवू!"

"शिकलं असतं तं कनी पडली नसती!"

मी ओरडले. ते ओरडले. हमाल पोती टाकून बघायला लागले, मुकादमाने मशीन बंद केली. रबर, ओलावा, धानाची जात, कशाकशावरून आम्ही भांडलो, आणि मधेच मला जाणवलं की तू गेल्यापासून माझ्याशी कोणी असं भांडलंच नव्हतं. सगळे सांत्वन करत होते. सगळे हळू बोलत होते.

जेवणाची वेळ झाली होती. मी दोन ताटं वाढली. आपल्या सौद्यात तू जेवण सोडलं होतंस, मी सोडलं नाही. ते जेवले, हात धुतला, आणि भाताला नावं ठेवली.

"उद्या येतो," म्हणाले. "रबर खोलून ठेव."

"या. पन तोंड घरी ठेवून या."

"पाहू," म्हणाले मोठे मामा.